व्हाळावरचा एक किलोवॅटचा टर्बाइन संच: दोन पावसाळ्यांचा अनुभव

आमचं घर सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीच्या डोंगराखाली. परड्यामागून व्हाळ, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, जातो. पावसात झाडं तारांवर पडतात आणि एकदा लाईट गेली की दोन-दोन, तीन-तीन दिवस येत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपते. छपरावर सोलर घालायचं बोलणं झालं होतं, पण आषाढात आमच्याकडे भर दुपारी दिवा लावून पानं वाढावी लागतात, तिथे पॅनेल किती देणार? आणि नेमक्या त्याच दिवसांत व्हाळ असा गर्जत असतो की मागच्या दारी बोललेलं ओटीवर ऐकू येत नाही. म्हणून छोटा जलविद्युत संच घ्यायचं ठरलं. दोन पावसाळे तो चालवला, आता लिहिते.

संच घाटावरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. किंमत ६८ हजार. त्यात पाण्याच्या धारेने फिरणारं पेल्टन चाक, जनरेटर, ती धार सोडणारी दोन नोझल आणि विजेचा भार सांभाळणारा लोड कंट्रोलर. पाइप, टाकी, बांधकाम आपलं आपण करायचं. कागदावर ‘१ किलोवॅट’ लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण खालची ओळ वाचायला हवी: ४० मीटर उंची आणि सेकंदाला ५ लिटर पाणी असेल तर. आमच्याकडे एवढी उंची नाही.

घेण्याआधी मी वॉटेजचेच आकडे बघत बसले होते. सासऱ्यांनी, आबांनी, थांबवलं. “आधी पाणी किती उंचावरसून पडता ता बघ गो,” म्हणाले. त्यांचं आयुष्य पाट बांधण्यात गेलं. पाऊस ओसरला की दरवर्षी व्हाळात दगड-मातीचा बांध घालायचा आणि पाटाने पाणी पोफळींना न्यायचं, ही त्यांची विद्या. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि बांधापासून आगरापर्यंत टप्प्याटप्प्याने उतार मोजत आम्ही दोघं उतरलो. भरला २२ मीटर. मग पोफळीच्या ओंडक्याची पन्हळ लावून तिच्याखाली २० लिटरची बादली धरली. पाच सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला ४ लिटर, आणि हे माप दत्तजयंतीच्या सुमाराचं, जुलैचं नव्हे. जुलैच्या पाण्यावर हिशेब केला असता तर पुढे फसलो असतो.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी दर सेकंदाला एक मीटर खाली येत असेल तर त्यात जवळजवळ १० वॅट असतात. एवढ्या लहान यंत्रातून त्यातले निम्मे हाती लागतात. म्हणून लिटर गुणिले मीटर गुणिले पाच. आमचे झाले साधारण ४४० वॅट, पाइपातली घट धरून ४०० च्या आसपास. संच मागवण्याआधी हा गुणाकार झाला होता म्हणून नंतर मन खट्टू झालं नाही.

तरी पहिल्या वर्षी मिळाले २९० वॅटच. वर्कशॉपवाल्यांना फोन केला. त्यांनी यंत्राविषयी काही विचारलंच नाही. विचारलं, “ताई, पाइप केवढा घातलात?” मी ६३ मिलिमीटरचा घातला होता. दुकानदाराने तेवढा पुरतो म्हणून सांगितलं होतं आणि ९० चा पाइप महाग होता. त्यांनी नोझलच्या अलीकडे प्रेशर गेज बसवायला लावलं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. व्हॉल्व्ह बंद असताना काटा २.२ किलोवर, उघडला की १.६ वर. म्हणजे २२ मीटरपैकी जवळजवळ सहा मीटर उंची १४० मीटर पाइपाच्या आतल्या घासण्यातच जात होती. दुसऱ्या वर्षी ९० चा पाइप घातला. तेच नोझल, तेच चाक, आणि चालू असताना काटा २.१ वर राहिला. वीज ४०० च्या वर गेली. पहिला पाइप आता आगरात शिंपण्याला वापरतो, पण ते पैसे वाचले असते.

चाकाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. ताटलीपेक्षा लहान चाक, त्याच्या कडेला जोडवाट्या. प्रत्येक जोडवाटीच्या मधोमध धारदार कणा. पाण्याची धार त्या कण्यावर दुभंगते आणि दोन्ही वाट्यांतून जवळजवळ मागे वळून बाहेर पडते. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात लेस्टर पेल्टन यांनी ही वाटी घडवली आणि १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं. आमच्याकडे धार सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने येते, वाट्या त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळतात, आणि त्यामुळे पाण्याचा सगळा जोर वाटीतच राहतो. झाकणाखाली वाकून बघावं. नोझल नीट बसलेलं असेल तर पाणी दमल्यासारखं खाली गळतं. ते जोरात बाहेर उडत असेल तर तेवढी वीज वाया जाते आहे असं समजावं. पहिल्या आठवड्यात आमचं एक नोझल किंचित तिरकं होतं, ते मी असंच ओळखलं.

माझं माहेर चिपळूणचं. कोयनेचं पाणी पोफळी गावच्या वीजघरात उतरतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं, म्हणून ती नदी आम्ही उन्हाळ्यातही वाहती पाहिली. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांतही पेल्टन चाकंच आहेत. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, आमच्या व्हाळाच्या एकोणपन्नास लाख पट. तरी वाटीतलं काम तेच. लहानपणी शाळेच्या वहीत काढलेलं ते चाक आता परड्यात फिरतं, याचा आनंद मला अजून रोज होतो.

४०० वॅटमध्ये काय चालतं? सगळे एलईडी दिवे, दोन पंखे, टीव्ही, राउटर, फोन. मिक्सर चालत नाही, इस्त्री नाही, विहिरीचा पंप तर नाहीच. जुना फ्रीज सुरू होताना एवढी ओढ घ्यायचा की कंट्रोलर संच बंद करायचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा नवा फ्रीज मात्र निमूट चालतो. पण ४०० हा आकडा ऐकून नाक मुरडू नका. हे चाक रात्री झोपत नाही. दिवसाला साडेनऊ युनिट होतात, आणि तेही बाहेर काळोख करून पाऊस कोसळत असताना.

दिवे बंद केले तरी चाकाला ते कळत नाही. भार गेला की ते भरधाव सुटेल आणि व्होल्टेज चढेल. म्हणून उरलेली वीज कंट्रोलर हीटरकडे वळवतो. आमचा हीटर न्हाणीघराशेजारच्या पिंपात आहे. रात्रभरात पाणी इतकं तापतं की सकाळी चूल पेटवावी लागत नाही. हा फायदा घेताना डोक्यातही नव्हता. सासूबाईंना संचातलं हेच सगळ्यात आवडलं. ओल्या लाकडांच्या धुराने त्यांचे डोळे दरवर्षी सुजायचे.

आता त्रास. पहिल्या जोरदार सरींत पाला येतो आणि जाळी तासाभरात गच्च होते. नंतर दिवसातून एकदा पुरतं, पण ते एकदा चुकवून चालत नाही. बारीक कुर्ल्या (खेकडे) नोझलमध्ये अडकतात. जाळीची भोकं नोझलच्या तोंडापेक्षा लहान हवीत, संचासोबत आलेली तशी नव्हती. हा दोष मी वर्कशॉपला कळवला आहे. व्हॉल्व्ह बंद करताना सावकाश फिरवा. एकदा घाईत मी तो झटक्याने मिटला, पाइपातल्या धावत्या पाण्याने दणका दिला आणि वरचा जोड फुटला. पहिल्या हंगामाच्या शेवटी बेअरिंग आवाज करू लागलं, आत पाणी शिरलं होतं. वर्कशॉपने बेअरिंग कुरियरने मोफत पाठवलं, पण सील जुन्याच पद्धतीचं होतं. तिथे त्यांनी सुधारणा करायला हवी. माणसं बरी आहेत, फोन उचलतात, आणि आपली चूक असेल तर मान्य करतात.

खालच्या वाडीतल्यांना सुरुवातीला शंका होती की आम्ही व्हाळाचं पाणी अडवणार. त्यांना बोलावून दाखवलं. चाकाखालून पडलेलं पाणी तसंच्या तसं आबांच्या पाटात जातं, पोफळींना मिळतं आणि उरलेलं पुन्हा व्हाळाला. उंची वापरतो आम्ही, पाणी नाही. आबांनी जागेला होकार दिला तोही यामुळेच.

डिसेंबरअखेर एक नोझल बंद करतो आणि २०० वॅटवर राहतो. महाशिवरात्रीच्या आसपास व्हाळ इतका बारीक होतो की चाक थांबवावंच लागतं. मग मेअखेरपर्यंत संच काढून, पुसून, ग्रीस भरून पडवीत ठेवायचा.

ज्यांच्याकडे डिसेंबरातही वाहणारं पाणी आणि निदान पंधरा-वीस मीटरचा उतार आहे, त्यांनी जरूर घ्यावा. सपाटीवरच्या ओढ्याला हा संच चालणार नाही, ओढा कितीही रुंद असो. पाच पैकी चार तारे. एक कापला तो सीलसाठी आणि जाळीसाठी. यंदा मृगाआधी जाळी मीच बारीक भोकांची करून घेतली आहे, आणि कपाटात एक जादा बेअरिंग आणून ठेवलं आहे.