‘कालच गटिंग केलंय’ म्हणून गळ्यात मारलेली रॅकेट

टेनिस नव्याने शिकताना वापरलेली रॅकेट घ्यायला काहीच हरकत नाही. ग्राफाइटची चांगली फ्रेम वर्षानुवर्षं टिकते. फसवतात ते तारांमध्ये, म्हणजे गटिंगमध्ये (रॅकेटला तारा ताणून बसवणं).

मला विकलेली रॅकेट दिसायला कोरी करकरीत होती. मुठीवर नवी पांढरी ओव्हरग्रिप, सगळ्या तारा सरळ रेषेत, मधोमध काळ्या शाईत ठसठशीत लोगो आणि खाली तारांमध्ये अडकवलेला छोटा रबरी डॅम्पनर. “कालच ५५ पाउंडांवर गटिंग केलंय, मोठे खेळाडू हीच तार वापरतात,” असं विकणाऱ्याने सांगितलं (तारांचा ताण पाउंडांत मोजतात). त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही पटलं. तार पॉलिएस्टरची होती आणि ती मोठे खेळाडू वापरतातच. फक्त ते एखाद्या मॅचनंतर ती कापून टाकतात, हे तो बोलला नाही. पॉलिएस्टर ताण लवकर सोडते, मग तिच्यात जीव राहत नाही. शिवाय ती कडक असते. नवशिक्याच्या हाताला नायलॉनची मऊ तार बरी.

पुढे कोर्टवर जे झालं ते नवशिक्यांनी नीट वाचावं. फोरहँड मारला की बॉल उंच उठून बेसलाइनबाहेर. तसाच दुसरा मारला तर भलतीकडेच. सैल तारांवरून बॉल जास्त उंच सुटतो. वर जुन्या तारा एकमेकींवरून सरकून झटकन जागेवर येत नाहीत, त्यामुळे टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी) बसत नाही आणि बॉल खाली वळत नाही. पण हे नवशिक्याला कुठून कळणार? त्याला वाटतं, आपलाच हात वाईट. सर म्हणाले फॉलो-थ्रू (फटक्यानंतर रॅकेट पुढे फिरवत नेणं) पूर्ण कर, तर बॉल आणखी लांब जायचा. शेवटी स्विंग अर्ध्यावरच थांबवून बॉल नुसता ढकलायचं सुरू झालं आणि पकड घट्ट करून करून कोपर दुखायला लागलं. या धंद्याची सगळी मदार यावरच आहे: शिकाऊ माणूस दोष स्वतःला देतो, रॅकेटवर संशय घेत नाही.

भांडं फुटलं ते कोर्टवरच्या एका जुन्या खेळाडूमुळे. त्यांनी आधी डॅम्पनर काढला. डॅम्पनरने फक्त आवाज बदलतो, त्यामुळे तारांचा मेलेला ‘थड’ आवाज आजवर झाकला गेला होता. मग एक उभी तार बोटाने बाजूला सरकवली. ती तिथेच राहिली. जिथे आडवी तार तिच्यावरून जाते तिथे खोल खाच पडलेली होती, आणि लोगोची काळी शाई त्या खाचेच्या तळापर्यंत उतरलेली. म्हणजे आधी खाच पडली, शाई नंतर लागली. काल बसवलेल्या तारेला खाच कुठून येणार? तारा बोटांनी सरळ करून, वरून लोगो रंगवून माल खपवला होता.

विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, “तार तुटली का? नाही ना?” अहो, नवशिक्या इतक्या जोरात मारतच नाही की तार तुटावी. म्हणूनच मेलेली तार त्याच्या रॅकेटवर महिनोन्‌महिने तशीच राहते. नंतर त्याने दुसरं कारण काढलं, की नव्या गटिंगचाही ताण पहिल्या दिवसात उतरतो. उतरतो, अगदी खरं आहे. पण एका दिवसात खाचा पडत नाहीत. यावर फोन बंद.

तेव्हा वापरलेली रॅकेट घेताना डॅम्पनर काढायला सांगा. मधल्या उभ्या तारा सरकवून खाली खाच पडलीय का बघा आणि सोडल्यावर त्या जागेवर परततात का तेही बघा. गटिंग नवं आहे म्हणाले तर कुठली तार, किती पाउंड, कुठल्या तारखेला, हे लिहून मागा. फ्रेमवर ताणाची मर्यादा छापलेली असते; सांगितलेला आकडा तिच्यात बसतो का पाहा. सगळ्यात बरं म्हणजे तारा जुन्याच धरून किंमत ठरवा आणि गटिंग स्वतः करून घ्या, जुनी तार समोर कापून.

मी आता नायलॉनची तार बसवून घेतलीय. बॉल बाहेर जायचे थांबलेत, पण नेटमध्ये जायला लागलेत, कारण अर्ध्यावर स्विंग थांबवायची सवय अजून सुटलेली नाही. सरांनी सध्या सर्व्हिस बाजूला ठेवून पुन्हा फोरहँडपासून सुरुवात केलीय.