ट्रेकिंग ग्रुपच्या वेबसाइटसाठी लीफलेट + ओपनस्ट्रीटमॅप: माझा रिव्ह्यू

आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी गडांवरची पाण्याची टाकी दाखवणारी छोटी वेबसाइट केलीये, कुठलं टाकं बारमाही, कुठलं फेब्रुवारीतच आटतं, कुठल्यातलं पाणी पिऊ नये, बस एवढंच. नकाशासाठी लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारं तयार कोड) आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) घेतलं आणि असल्या कामाला ही जोडी एक नंबर आहे.

लीफलेट २०११ साली आलेली फुकट जावास्क्रिप्ट लायब्ररी, कॉम्प्रेस केल्यावर साधारण ४० केबी, त्यामुळे पायथ्याच्या गावात नेटवर्कची एकच काडी असली तरी अडत नाही. एपीआय की (सेवा वापरायचा खास कोड) नको, क्रेडिट कार्ड नको, दोन फाइली जोडा, पानात एक डिव्ह (नकाशासाठीचा चौकोन) टाका, सेंटर-झूम द्या, टाइल्सचा (नकाशाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचा) वेब-पत्ता द्या, नकाशा समोर. फक्त त्या डिव्हला सीएसएसमध्ये हाइट द्यायची, नाहीतर पान कोरं दिसतं आणि एररही येत नाही, नवीन माणूस हमखास इथेच अडकतो.

दुसरी अडायची जागा म्हणजे आकड्यांचा क्रम. लीफलेटला आधी अक्षांश मग रेखांश लागतो, जिओजेसन (जागांची माहिती साठवायचा फॉरमॅट) फाइलमध्ये बरोब्बर उलटं. राजगड १८.२४, ७३.६८ ला आहे, हेच उलटं पडलं की गड थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात! जिओजेसन लीफलेटच्या स्वतःच्या जिओजेसन लेयरमधूनच लोड करा, उलटापालट तो करून घेतो. आणि 'माझं लोकेशन' बटण हवं असेल तर साइटला एचटीटीपीएस पाहिजेच, ब्राउझर त्याशिवाय लोकेशन देत नाही.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर नकाशा आपणच सुधारू शकतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच बनवलंय, गुंजवणे गावातून राजगडाच्या चोर दरवाज्याला चढणाऱ्या वाटेसारख्या वाटा तिथे चालणाऱ्यानेच जीपीएसने काढायच्या, एखादं टाकं राहिलं असेल तर अकाउंट काढून आपणच टाकायचं. डोंगरात फिरणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण फुकट आहे म्हणून ओरबाडू नका. त्यांचा टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतो, नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं नाव ठेवावंच लागतं, ऑफलाइनसाठी टाइल्सचे गठ्ठे उतरवायला बंदी आहे. पत्ता शोधायचं नॉमिनॅटिम सेकंदाला एकच रिक्वेस्ट घेऊ देतं, आणि टाइप करता करता नावं सुचवायला ते वापरायचं नाही. साइटवर येणारे लोक वाढले की पैसे देऊन दुसऱ्या कोणाच्या टाइल्स घ्या, कोडमध्ये पत्त्याची एक ओळ बदलली की झालं.

सीमारेषेचं मात्र नीट बघा. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताबा कोणाचा त्याप्रमाणे हद्द दाखवतं, म्हणून काश्मीर-अक्साई चीनकडची रेष सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही. सरकारी किंवा शाळेच्या कामाला हे अजिबात चालणार नाही. आम्हाला सह्याद्रीच हवा होता म्हणून मॅक्सबाउंड्स (नकाशा सरकायची हद्द) आणि मिनझूम (किमान झूम) या सेटिंग लावून नकाशा महाराष्ट्राबाहेर जाऊच दिला नाही.

रस्त्यावरचा लाइव्ह ट्रॅफिक यात नाही, डिलिव्हरीचं ॲप करणाऱ्यांनी दुसरं बघावं. मराठी नावांचंही थोडं अवघड आहे, साध्या टाइल्स म्हणजे तयार चित्रं, त्यावरची अक्षरं बदलता येत नाहीत, त्यासाठी व्हेक्टर टाइल्स (चित्राऐवजी नकाशाचा डेटा) आणि तो ब्राउझरमध्येच रंगवणारी मॅपलिब्रे लायब्ररी घ्यावी लागते, आणि गावांची मराठी नावं ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणीतरी भरलेली असावी लागतात. तुमच्या तालुक्यातली नसतील तर भरा की राव, सगळ्यांच्याच उपयोगी पडतील.