स्कीमच्या छतावरच्या डिश: वेगवेगळ्या ठेवायच्या, एकच कॉमन करायची, की फायबर टाकायचं?

आमची स्कीम, म्हणजे अपार्टमेंटची इमारत, नागपूरच्या मनीषनगरची, पाच मजले, २० फ्लॅट. मागच्या उन्हाळ्यात छतावर जाऊन मोजल्या तर घरांपेक्षा डिश जास्त निघाल्या आणि त्यातल्या ६ कोणाच्या हे कोणालाच सांगता येईना, कारण भाडेकरू येतात, डिश लावतात, जाताना बॉक्स घेऊन जातात आणि डिश तिथंच राहते. विषय निघाला तो टीव्हीमुळे नाहीच, वॉटरप्रूफिंगमुळे निघाला. पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये दोन पावसाळे पाणी ठिबकत होतं, ठेकेदार वर आला आणि त्यानं हात लावून दाखवलं की एकेका डिशच्या पायासाठी स्लॅबमध्ये ड्रिल मारून फास्टनर ठोकलेत आणि पाणी तिथूनच उतरून राहिलं. हे सगळं काढा, नाहीतर मी गॅरंटी देत नाही, असं त्याचं म्हणणं. मग मीटिंगा झाल्या, कोटेशनं मागवली, माझे तीन महिने यातच गेले. आता ज्यांच्या स्कीममध्ये हाच निर्णय घ्यायचाय त्यांचे तीन महिने वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतोय.

कोणाला फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि फ्लॅटनिहाय लिहा: कंपनी कोणती, टीव्ही किती, रेकॉर्डिंगवाला बॉक्स आहे का. हे आधी का करायचं, तर प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी२एच ८८ ला, दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला, एअरटेल १०८.२ ला. आपलं नागपूर ७९ अंश रेखांशावर. म्हणजे टाटा प्लेची डिश जवळपास सरळ दक्षिणेला बघते, जराशी पूर्वेकडे झुकून, आणि साधारण ६५ अंश वर, तर एअरटेलची आग्नेयेकडे, साधारण ४९ अंशावरच. एका डिशमध्ये सगळ्या कंपन्या बसवून देतो असं कोणी म्हणालं तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. शेजारी नवीन उंच स्कीम उभी राहत असेल तर हाच हिशोब अजून कामाचा आहे: तुमच्या छतापेक्षा १० मीटर उंच भिंत आग्नेयेला साडेआठ मीटरच्या आत आली की एअरटेलचा सिग्नल अडला, आणि तेवढीच भिंत दक्षिणेला पाच मीटरवर असली तरी टाटा प्ले चालत राहतो. आमच्या बाजूच्या प्लॉटवर पाया खोदणं सुरूच होतं, म्हणून आम्ही हे टेप घेऊन मोजलं, अंदाजावर सोडलं नाही.

आता पहिला पर्याय, म्हणजे जसं आहे तसंच, फक्त नीट. ज्याची त्याची डिश, पण स्लॅबला ड्रिल नाही. लोखंडी अँगलची एक लांब फ्रेम, खाली सिमेंटचे ब्लॉक वजनाला, सगळ्या डिश त्या फ्रेमवर आणि प्रत्येकीवर फ्लॅट नंबर पेंटनं. हे स्वस्त पडतं, कोणाला कंपनी बदलायला कमिटीला विचारावं लागत नाही, आणि एकाची डिश बिघडली तर एकाचाच टीव्ही बंद. छोट्या, आठ-दहा फ्लॅटच्या स्कीमला मी हेच सांगीन आणि पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण २० फ्लॅटला यात खरा त्रास डिशचा नसतो, केबलचा असतो. आमच्याकडे ढीगभर काळ्या वायरी भिंतीवरून लोंबत होत्या, कूलरच्या स्टँडला गुंडाळलेल्या, खिडकीच्या फटीतून आत घेतलेल्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उन्हानं केबलचं प्लास्टिक तडकतं, मग पहिल्या पावसात त्या तड्यातून पाणी आत जातं आणि जाळीचं तांबं हिरवं पडतं. मग माणूस येतो, डिश हलवतो, एलएनबी (डिशच्या समोरचा सिग्नल पकडणारा डबा) बदलतो, पैसे घेतो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. संक्रांतीला पोट्टे छतावर असतात, मांजा अडकला की जोरात ओढतात, आणि त्या ओढाताणीत डिश एक-दोन अंश जरी फिरली तरी चॅनल गेले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बातम्यांशिवाय जेवत नाहीत, त्यांचा टीव्ही जानेवारीत चार दिवस बंद होता, त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही, पण मला ते लागलं.

दुसरा पर्याय कॉमन डिश आणि मल्टीस्विच. हा जरा समजून घ्या, कारण इथंच लोक फसतात. आपला बॉक्स केबलमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, १३ व्होल्ट पाठवली तर एक पोलरायझेशन (लहरींची उभी किंवा आडवी दिशा), १८ पाठवली तर दुसरं, आणि सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन असला तर वरचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, नसला तर खालचा. म्हणजे एकूण चार भाग, आणि एका केबलमधून एका वेळी त्यातला एकच भाग खाली येतो. म्हणून साधा स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा) लावून एक डिश दोन घरांत वाटली की काही चॅनल दिसतात, काही जातात, कारण वरच्या घरातला बॉक्स १३ मागतो आणि खालचा १८. लोकांना वाटतं बॉक्स खराब. बॉक्स चांगलाच असतो.

मल्टीस्विच हे भांडण मिटवतो. डिशवर चार आउटपुटचा क्वाट्रो एलएनबी बसतो, त्याचे चारही भाग कायम स्विचमध्ये येतात, आणि स्विच प्रत्येक घराला तो मागेल तो भाग देतो. दुकानात क्वाट्रो आणि क्वाड हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात, पण क्वाड हा चार बॉक्स सरळ जोडायला असतो, मल्टीस्विचसोबत क्वाट्रोच लागतो. आम्ही एकदा बर्डीच्या बाजारातून चुकीचा आणला आणि परत करायला अख्खा शनिवार गेला. कंपनीप्रमाणे चारही भाग वापरात असतात असं नाही, ते त्यांच्या इंस्टॉलरकडून आधी लिहून घ्या.

फायदा नुसत्या मोकळ्या छताचा नाही. घरगुती डिश ६० सेंटीमीटरची असते, कॉमनला ९० ची लावता येते, क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे सिग्नल मोजायच्या भाषेत साडेतीन डेसिबल जास्तीचा सिग्नल. आपल्याकडे जुलैत जो आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो त्यात टीव्ही जाणारच, डिश ज्या केयू बँडच्या फ्रिक्वेन्सीवर चालते तिथं पाण्याचे थेंब सिग्नल खातातच, पण पूर्वी अर्धा तास जायचा तो आता थोड्याच वेळात परत येतो, आणि नुसत्या रिमझिमीत तर जातच नाही. मात्र मोठी डिश जास्त काटेकोरपणे बसवावी लागते, तिचा बघायचा कोन अरुंद असतो, त्यामुळे मीटर न घेता अंदाजानं डिश फिरवणाऱ्या माणसाला छतावर चढूच देऊ नका.

तोटेही आहेत. स्विचला वीज लागते, ती कॉमन मीटरवरून येणार, म्हणजे जिन्याची लाईट गेली की इन्व्हर्टर असलेल्या घराचाही टीव्ही बंद. आम्ही स्विचला छोटा यूपीएस दिलाय. प्रत्येक बॉक्सला स्विचपासून स्वतंत्र केबल लागते, एका घरात दोन टीव्ही असतील तर दोन केबल, आणि रेकॉर्डिंगवाल्या बॉक्सलाही काही वेळा दोन लागतात. एका केबलवर अनेक बॉक्स चालवायची युनिकेबल नावाची पद्धत आहे, जुन्या प्रकारात ८ आणि नवीन प्रकारात ३२ पर्यंत, पण बॉक्सला ती भाषा आली पाहिजे, म्हणून कंपनीकडून होकार आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे जितक्या कंपन्या तितक्या डिश आणि तितके स्विच. आमच्याकडे ११ घरं एका कंपनीची, ५ दुसरीची, २ फ्री डिशवाली, आणि २ घरात टीव्हीच नाही. म्हणून दोन कॉमन डिश केल्या. फ्री डिशच्या दोघांना चार आउटपुटचा एक छोटा एलएनबी पुरला, स्विच लागलाच नाही. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, २००४ पासून चालू आहे, सह्याद्री दिसतं, त्या दोन घरांना तेवढंच पाहिजे, आणि कॉमनच्या नावाखाली त्यांना महागात ओढणं मला बरोबर वाटलं नाही.

तिसरा पर्याय ऑप्टिकल, म्हणजे डिशवरच सिग्नल प्रकाशात बदलणारा एलएनबी बसवायचा, चारही भाग केसाएवढ्या एका फायबरमधून खाली आणायचे, स्प्लिटरनं ३२ किंवा ६४ ठिकाणी वाटायचे, आणि मजल्यावर किंवा घरात एक कन्व्हर्टर लावून पुन्हा साध्या केबलवर आणायचे. कागदावर हा सगळ्यात देखणा. आरजी६, म्हणजे डिशची नेहमीची काळी केबल, तिच्यात १०० मीटरला १ गिगाहर्ट्झवर २० डेसिबलच्या वर जातात, म्हणजे सिग्नलचा शंभरावा भागही उरत नाही, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला अजून जास्त. फायबरमध्ये अख्ख्या किलोमीटरला अर्धा डेसिबलही जात नाही. शिवाय फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे मे-जूनच्या वादळात छतावर वीज पडली तर ती फायबरवाटे घरातल्या टीव्हीपर्यंत येत नाही, ही गोष्ट मला खरंच आवडली.

पण मग आम्ही तो का नाही घेतला? अंतर मोजलं. आमच्या स्विचपासून सगळ्यात लांबचा पॉइंट ३४ मीटर. एवढ्याला चांगली आरजी६ आरामात पुरते. फायबरमध्ये एलएनबी महाग, प्रत्येक कन्व्हर्टर महाग, आणि बिघडलं तर आपल्या भागात तो जोडणारा माणूस पटकन मिळत नाही. बेसा किंवा वर्धा रोडकडच्या टाऊनशिपमध्ये चार-पाच विंग असतील, एका डिशपासून दुसऱ्या विंगपर्यंत १०० मीटर जायचं असेल, तिथं मात्र मी डोळे मिटून फायबर म्हणीन, आणि स्कीम अजून बांधकामात असेल तर नक्कीच, कारण भिंत उठत असतानाच पाइप आत सोडता येतो.

चौथा पर्याय आमच्याकडच्या तरुण मंडळींचा, की डिशच काढा, ब्रॉडबँडवर सगळं दिसतं. त्यांचं चूक नाही. पावसाचा त्रास नाही, छत पूर्ण रिकामं, आणि नेट तर घरात असतंच. पण दोन गोष्टी मी मीटिंगमध्ये मांडल्या. एक, सिमेंट रोडचं काम निघालं की खोदकामात फायबर तुटतं आणि नेटसोबत टीव्हीही जातो, डिशला रस्त्याशी देणंघेणं नाही. दुसरं, जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की ॲपवर चेंडू काही सेकंद उशिरा येतो, शेजारी डिशवाला ओरडतो तेव्हा तुमच्याकडे बॉलर अजून धावतोय. आणि म्हाताऱ्या माणसांना नंबर दाबून चॅनल लावायची सवय असते, त्यांच्या हातात ॲपचा रिमोट देऊन आपण त्यांचा टीव्ही काढून घेतो. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण अख्ख्या स्कीमची डिश त्यासाठी बंद करू नये. नागपुरात ॲनालॉग केबल २०१३ मध्ये बंद झालं, तेव्हा सेट टॉप बॉक्स सगळ्यांनाच घ्यावा लागला होता, इथं तशी कुठलीच सक्ती नाही.

तर माझं मत सांगतो, २० ते ४० फ्लॅट, एकच इमारत, आणि निम्म्याहून जास्त घरं एकाच कंपनीची असतील तर मल्टीस्विच घ्या. आणि पैसा डिशवर नाही, केबलवर लावा. सगळ्या कोटेशनमध्ये डिशचं नाव, स्विचचं नाव ठळक होतं आणि केबलपुढे नुसतं "आरजी६" लिहिलं होतं. त्यात आतली तार निखळ तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे विचारा, कारण याच तारेतून १३-१८ व्होल्टही जाते आणि लोखंडाच्या तारेत लांबच्या घरापर्यंत व्होल्टेज पडतं. केबलच्या टोकाचे एफ कनेक्टर फिरवून बसवायचे नकोत, दाबून बसवायचे कॉम्प्रेशनवालेच. आमच्या पहिल्या ठेकेदारानं दुसऱ्या मजल्यापर्यंत फिरवायचे लावले होते, मी एक हातानं ओढला तर निघून आला, सगळे बदलून घेतले. केबल भिंतीबाहेरून नको, जिन्याच्या डक्टमधून पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना फ्लॅट नंबरचं लेबल, आणि टीव्ही नसलेल्या घरांचीही केबल आत्ताच ओढून ठेवा, नंतर डक्ट पुन्हा उघडणं जिवावर येतं. फ्रेमला अर्थिंग वेगळं, हे कोटेशनमध्ये नसतंच, मागून घ्यावं लागतं.

कागदपत्राचं म्हणाल तर आपल्याकडच्या बऱ्याच स्कीम १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत, छत सगळ्यांचं सामायिक असतं, म्हणून मीटिंगमध्ये ठराव घ्या आणि त्यात दोन ओळी नक्की टाका: यापुढे स्लॅबला कोणी ड्रिल मारणार नाही, आणि घर सोडताना डिश काढून नेणं मालकाची जबाबदारी. खर्च आम्ही असा वाटला की डिश, फ्रेम, स्विच सगळ्यांत समान, आणि घरातली केबल ज्याची त्याची. टीव्ही नसलेल्या दोन घरांनी आधी नाही म्हटलं, मग वॉटरप्रूफिंग टिकणार हे पटल्यावर दिले.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, संक्रांत होऊन गेलेली असते आणि ऊन अजून चढायचं असतं, मेमध्ये दुपारी छतावर माणूस उभा राहू शकत नाही. आधी वॉटरप्रूफिंग पूर्ण होऊ द्या, मग फ्रेम ठेवा. आमची फ्रेम ब्लॉकखाली रबराची शीट टाकून ठेवलीये, आणि यंदाच्या पावसात काकूंच्या बेडरूमचा कोपरा कोरडा राहिलाय.