मज्जारज्जूच्या इजेनंतरची जळजळ आणि आरटीएमएस: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग तपशील. मज्जारज्जूला इजा झाल्यावर कमरेखाली जी अखंड आग होत राहते, तिच्यावर आरटीएमएसने, म्हणजे डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) ठेवून चुंबकीय ठोके देण्याच्या उपचाराने, खरोखर फरक पडतो. पाच महिन्यांत 15 सेशन आणि त्यानंतर एक महिना नुसत्या नोंदी, एवढ्या वापरावर हे लिहितो आहोत. जळजळीचा रोजचा आकडा 10 पैकी 7 होता, तो 4 ते 5 वर आला. करंट बसल्यासारखे झटके कमी झाले, रात्रीची झोप सलग लागू लागली. दुखणं गेलेलं नाही, आणि पूर्ण जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पायावर चादर टेकली तरी ज्याचा जीव कासावीस होतो, त्याला सात आणि चार यांतलं अंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमचं दुखणं नसांचं आहे का? जळजळ, मुंग्या, टोचणी, झटके, थंडगार आग असं काही इजेच्या पातळीवर किंवा तिच्याखाली होत असेल तर ते बहुधा नसांचं. डॉक्टर डीएन 4 नावाची 10 मुद्द्यांची तपासणी करतात. त्यात 4 किंवा जास्त गुण आले तर संशय बळावतो. व्हीलचेअर ढकलून झिजलेला खांदा, आखडलेली पाठ, स्पॅस्टिसिटीने (आपोआप येणाऱ्या ताठरपणाने) ओढलेले स्नायू हे वेगळं प्रकरण आहे. सहा महिन्यांत खांद्याच्या दुखण्यात आरटीएमएसने काडीचाही फरक पडला नाही, आणि पडायला हवा अशी अपेक्षाही नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉइल डोक्यावर कुठे ठेवतात, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे ही मशीन बहुतेक मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये असतात, कारण या उपचाराचा मुख्य वापर डिप्रेशनसाठी आहे. अमेरिकेत त्यासाठी 2008 मध्येच परवानगी मिळाली. डिप्रेशनसाठी कॉइल डाव्या कपाळाच्या मागच्या भागावर, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर ठेवतात. दुखण्यासाठी ती मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचालींचा हुकूम जिथून सुटतो त्या पट्ट्यावर हवी. जुन्या पद्धतीत हाताचा बिंदू शोधून तिथून 5 सेंटिमीटर पुढे सरकतात आणि डिप्रेशनची जागा धरतात. दुखण्यासाठी ते 5 सेंटिमीटर सरकायचंच नाही. फ्रान्समधल्या सुमारे दीडशे रुग्णांच्या अभ्यासात (2021) या दोन्ही जागा समोरासमोर तपासल्या होत्या. मोटर कॉर्टेक्सवर 10 हर्ट्झने (सेकंदाला 10 ठोके) आराम मिळाला, प्रीफ्रंटलवर खोट्या, म्हणजे उपचाराचे ठोके न देणाऱ्या कॉइलपेक्षा जास्त काही मिळालं नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘कॉइल एम-वनवर, म्हणजे मोटर कॉर्टेक्सवर, लावणार ना?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे चौकशी करा. वेगही विचारून घ्या. 1 हर्ट्झच्या संथ ठोक्यांचा या दुखण्यावर उपयोग होत नाही, 10 किंवा 20 हर्ट्झ लागतो.

पहिल्या दिवशी पाऊण-एक तास हाताशी ठेवा, कारण मोटर थ्रेशोल्ड काढायचा असतो. डोक्यावर कापडी टोपी घालून टाळूचा मध्य मोजतात, तिथून बाजूला 5 ते 7 सेंटिमीटरच्या आसपास एकेक ठोका देत कॉइल सरकवतात. अंगठा किंवा तर्जनीचा स्नायू टणकन उडतो ती जागा स्केचपेनने टोपीवर खुणावतात. मग ताकद कमी करत जातात. 10 पैकी 5 ठोक्यांना स्नायू जेमतेम हलतो, तो आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. मशीनच्या ताकदीच्या 55 टक्क्यांवर थ्रेशोल्ड आला आणि उपचार 80 टक्के थ्रेशोल्डने द्यायचा ठरला, तर मशीन 44 वर लावायचं. हे गणित स्वतः करून पाहा, अवघड नाही. कॉइलचा कोनही बघा. थ्रेशोल्ड शोधताना कॉइलची मूठ डोक्याच्या मध्यरेषेशी 45 अंशात असते. दुखण्याच्या उपचारात मात्र बरीच केंद्रं मूठ सरळ मागे, मध्यरेषेला समांतर ठेवतात.

मानेच्या इजेत अडचण येते. बोटांचे स्नायू मज्जारज्जूच्या सी 8 आणि टी 1 या पातळ्यांवर (मानेचा तळ आणि छातीची सुरुवात) चालतात. इजा त्याच्या वर असेल तर अंगठा हलणारच नाही आणि तंत्रज्ञ ताकद वाढवत बसेल. अशा वेळी बायसेप्सवर किंवा जो स्नायू थोडा तरी चालतो त्याच्यावर थ्रेशोल्ड काढतात, नाहीतर एमआरआय वापरून नेव्हिगेशनने जागा धरतात. पायांचं दुखणं असून कॉइल हाताच्या जागेवर का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीत, 3 ते 4 सेंटिमीटर खोल असतो. साध्या आठ-आकड्याच्या कॉइलचा परिणाम 2-3 सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचतो. शिवाय इथे एखादा स्नायू हलवायचा नसतो. मोटर कॉर्टेक्समधून थॅलॅमसकडे (मेंदूतल्या संवेदनांच्या केंद्राकडे) आणि खाली मेंदूच्या बुंध्याकडे जाणारी वेदना दाबणारी यंत्रणा जागी करायची असते. हातापायांची जागा एवढी काटेकोर न धरताही ती जागी होते.

प्रत्यक्ष सेशन असं: 10 हर्ट्झने 10 सेकंद ठोके, म्हणजे 100 पल्स, मग 20 सेकंद थांबायचं. असे 30 फेरे, एकूण 3000 पल्स, वेळ साधारण 15 मिनिटं. डोक्यावर कुणी नखाने भराभर टकटक करतंय असं वाटतं. कपाळाचा किंवा पापणीचा स्नायू फडफडतो. पहिली दोन-तीन सेशन कातडी दुखते, संध्याकाळी डोकं जड होतं, एखाद्या पॅरासिटामॉलवर भागतं. आवाज मोठा असतो, इअरप्लग तुमच्याही कानात हवेत आणि सोबत बसणाऱ्याच्याही. ते मागून घ्या. कानातले, चमकी, केसातल्या पिना, चष्मा काढून ठेवा. फोन आणि एटीएम कार्ड लांब ठेवा. त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. तेलकट केसांवर टोपी सरकते आणि खुणेला अर्थ राहत नाही.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. एक, कॉइल धरणारा स्टँड सैल होऊन हळूहळू खाली बसतो. सोबतच्या माणसाने दर चार-पाच फेऱ्यांनी खूण बघावी. दुसरं, थंड करण्याची सोय नसलेली कॉइल 3000 पल्सपर्यंत तापते आणि मशीन मध्येच बंद पडतं. मग कुणी पल्स कमी करतं, कुणी ताकद. दोन्हींत तुमचा डोस कापला जातो. कूलिंगवाली कॉइल आहे का, हे आधीच विचारा. तिसरं, पहिल्या दिवसाचा थ्रेशोल्ड महिनोन् महिने तसाच वापरला जातो. औषध बदललं, झोप कमी झाली की तो सरकतो. दर पाच सेशनला पुन्हा काढून मागा.

इजा टी 6 (छातीच्या मधली पातळी) किंवा त्याच्या वर असेल तर पुढचं नीट वाचा, कारण मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये हे कुणाला ठाऊक असेलच असं नाही. अर्धा-पाऊण तास एका जागी बसताना मूत्राशय भरलं, कॅथेटरला पीळ पडला किंवा पोटाचा पट्टा आवळला, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे रक्तदाब अचानक धोकादायक चढणं, होऊ शकतो. डोकं ठणकायला लागतं, इजेच्या वरच्या भागाला घाम येतो, चेहरा लाल होतो, वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा 20 ते 40 ने चढतो. तिथला स्टाफ म्हणेल, ‘टीएमएसने डोकं दुखतंच, घाबरू नका.’ ऐकू नका. मशीन थांबवा, ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे आणि बूट सैल करा, कॅथेटर आणि पिशवी तपासा, दाब मोजत राहा. उतरला नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. नेहमीचा दाब 100 च्या आसपास असणाऱ्याला 135 हा आकडा धोक्याचा आहे, तो बाहेरच्या डॉक्टरला ‘नॉर्मल’ दिसेल. म्हणून तुमचा रोजचा दाब फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. निघण्याआधी कॅथेटर करून घ्या. शक्यतो त्यांच्या खुर्चीवर न जाता स्वतःच्या व्हीलचेअरवर, स्वतःच्या कुशनवर बसा, फक्त डोक्याला पक्का आधार मागा. दर 15 मिनिटांनी वजन हलवायचं विसरू नका. बेडसोअरची किंमत या आरामापेक्षा फार मोठी आहे.

फिट येण्याचा धोका फार कमी आहे, पण शून्य नाही. अपघातात मणक्याबरोबर डोक्यालाही मार बसलेला असतो आणि तो जुन्या फाइलीत दडून राहतो. तो सांगा, जुना सीटी दाखवा. डोक्यात क्लिप, शंट किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, पोटात बॅक्लोफेन पंप असेल तर ते पहिल्या फोनवरच सांगा. मणक्यातल्या टायटॅनियमच्या सळ्या आणि स्क्रू कॉइलपासून लांब असतात, त्यांची सहसा अडचण येत नाही. ट्रामाडॉल आणि अमिट्रिप्टिलिनने फिटची शक्यता थोडी वाढते. बॅक्लोफेन, प्रेगाबालिन, क्लोनाझेपाम अचानक बंद केलं तर ती आणखी वाढते. बरं वाटतंय म्हणून मनाने गोळ्या सोडू नका. इथे तिसऱ्या महिन्यानंतर प्रेगाबालिन 300 मिलिग्रॅमवरून 225 वर आलं, तेही डॉक्टरांनी ठरवून.

आराम कधी दिसतो? सेशनच्या दिवशी सहसा नाही. दोन-तीन दिवसांनी उतार जाणवतो आणि एका सेशनचा परिणाम साधारण आठवडाभर टिकतो. म्हणून आमची आखणी अशी होती: पहिल्या आठवड्यात रोज एक अशी 5, मग आठवड्याला एक अशी 4, मग पंधरवड्याला एक अशी 4, शेवटी महिन्याला एक अशी 2. फक्त पहिली 5 करून ‘उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांनी निम्माही उपचार घेतलेला नसतो. आणि पहिल्या आठवड्यातल्या आनंदावरही लगेच विसंबू नका. मज्जारज्जूच्या रुग्णांवरचे स्वतंत्र अभ्यास छोटे आहेत, त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि काहींत खोट्या कॉइलनेही दुखणं उतरलं होतं. निर्णय पाचव्या-सहाव्या आठवड्यात, वहीवरून घ्या. आकडा 30 टक्के उतरला असेल तर पुढे जा. जागा, कोन आणि थ्रेशोल्ड तपासूनही काहीच हललं नसेल तर थांबा, पैसे वाचवा.

वही उपचाराच्या दोन आठवडे आधीपासून लिहा. जळजळ, झटके, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं यांचे रकाने वेगळे ठेवा. आमच्याकडे पहिल्या दोन रकान्यांत उतार दिसला, पोटाभोवतीच्या आवळण्यात जवळजवळ काहीच नाही. एकच सरासरी लिहिली असती तर हे कळलंच नसतं. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, थंडी याही नोंदी करा. अकराव्या आठवड्यात आकडा पुन्हा 7 वर गेला तेव्हा उपचार फसला असं वाटलं होतं. लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं, ते बरं झाल्यावर आकडा खाली आला. सेशन थांबल्यानंतरच्या महिन्यात मात्र इन्फेक्शन नसतानाही तो हळूहळू 5 ते 6 वर सरकला, त्यामुळे महिन्याला एक सेशन पुढे चालू ठेवतो आहोत.

क्लिनिक बदलायची वेळ आली तर एका कागदावर एवढं लिहून सही घ्या: मशीन आणि कॉइलचं नाव, डावी बाजू की उजवी, टाळूच्या मध्यापासून बिंदूचं अंतर सेंटिमीटरमध्ये, मुठीची दिशा, थ्रेशोल्ड आणि तो काढल्याची तारीख, कोणत्या स्नायूवर काढला, हर्ट्झ, एकूण पल्स. खुणा केलेली टोपीही मागून आणा, ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नसते. थ्रेशोल्ड मात्र नव्या मशीनवर नव्यानेच काढावा लागतो, जुना आकडा तिथे चालत नाही.