पवनचक्की की सोलर: रान कशाला द्यावं?

धाराशिवकडच्या मेव्हण्याच्या दारात दोन्हींचे एजंट येऊन गेलेत. त्यांची रंगीत पत्रकं बाजूला ठेवू.

रान किती अडकतं? सोलरला मेगावॅटमागे चार-पाच एकर, तेही तारेच्या कुंपणात. पंचवीस-तीस वर्षं पेरणी विसरा. पवनचक्कीचा फक्त पायाच जागा खातो, भोवती सोयाबीन घेता येतं.

पैसा: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, वर 3 टक्के वार्षिक वाढ. मुरमाड कोरडवाहूला हे वाईट नाही. पवनचक्कीत आकडा ज्याच्या त्याच्या सौद्यावर.

गाव पेटतं ते मात्र वाटेवरून. लांबलचक पाती घेऊन ट्रेलर वळवायचा तर बांध फुटतो, रस्ता शेजाऱ्याच्या रानातून, तारा तिसऱ्याच्या. पैसे एकाला, धूळ सगळ्यांना! सोलरचं भांडण वेगळं. खाजगी रानावर सहसा कुणी बोलत नाही; गायरानावर प्लेटा आल्या की शेळ्या-मेंढ्यावाले उठतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माळरान पडीक आणि पोरं पुण्यात, तर सोलर. कसणारा घरात असेल तर पवनचक्की, पण शेजाऱ्यांची नुकसानभरपाई आधी करारात लिहून घ्या. विहिरीखालचं बागायती दोघांनाही देऊ नका.