सोडतीतलं घर की पेठेतलं जुनं घर? वाघोली आणि कसबा, दोन्हीकडे राहून

पुण्यात म्हाडाच्या सोडतीत नाव लागलंय आणि नेमकं त्याच आठवड्यात ओळखीतलं कुणीतरी पेठेतला जुना वन रूम किचन दाखवतंय, अशा पेचात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. उत्पन्न गट, अनामत रक्कम, अधिवासाचा दाखला, तात्पुरतं देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र) हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, त्यात शिरत नाही.

आमचं घर २० टक्के योजनेतलं होतं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी प्रकल्प उभा राहिला की त्यातली २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी राखावी लागतात, त्यातलं. जागा वाघोलीच्या अलीकडे, नगर रस्त्यापासून आत. ताबा मिळायला अवकाश होता, म्हणून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या सोसायटीत आम्ही भाड्याने राहायला गेलो. आई, बायको आणि मी. राहून बघू, मग पुढचे पैसे भरू, असा हिशोब. सध्या आम्ही कसबा पेठेत राहतो, तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपत नाही. तरी वाघोलीवर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो.

घर म्हणून पाहिलं तर वाघोलीचंच उजवं. लिफ्ट, दोन्ही बाजूंनी वारा, दुचाकीला हक्काची जागा, भिंतींना ओल नाही. बँकेने कागद मागितले, बिल्डरकडे ते तयार होते, कर्ज मंजूर व्हायला त्रास झाला नसता. किंमत तर त्याच आवारातल्या खुल्या विक्रीच्या घरांपेक्षा इतकी कमी की नातेवाईकांना खरी वाटत नव्हती. सोडतीतल्या लोकांची इमारत मागच्या अंगाला, तिचं फाटक वेगळं, आणि पुढच्या क्लब हाऊसशी तिचा संबंध नाही, हे थोडं टोचतं. पण क्लब हाऊसमध्ये जायला वेळ कुणाला होता? पाच वर्षं विकता येत नाही, तेही आम्हाला चाललं असतं. टँकरचं मात्र बघून ठेवा. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत वाघोलीही होती, पण उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्समधला मोठा आकडा टँकरचाच असायचा.

आता ज्या एका गोष्टीने आमचा निकाल लावला तिच्याकडे येतो. ती म्हणजे ‘रिटर्न नाही’.

रामवाडीपर्यंत मेट्रो आहे आणि ती चांगली आहे. वनाजपासून रामवाडीपर्यंतची सगळी लाईन ३० रुपयांत होते. शिवाजीनगरच्या माझ्या ऑफिसमधून निघून रामवाडीला उतरेपर्यंत घाम येत नाही, कुणाचा धक्का लागत नाही. तिथून घर सुमारे आठ किलोमीटर. जिना उतरून खाली आलात की रिक्षा रांगेने उभ्या असतात. पहिल्याला विचारायचं, “वाघोली?” तो हनुवटी वर करून पुढच्याकडे बोट दाखवतो. दुसरा म्हणतो, “तिकडून रिटर्न नाही मिळत साहेब.” तिसरा आधी विचारतो, वाघोलीत कुठे, मेन रोडला की आत? आत म्हटलं की अडीचशे. मीटर म्हटलं की हसतो. चौथा विमाननगरशिवाय कुठेच जात नाही. ॲपवर टाकावं तर रिक्षा मिळते, मग फोन येतो, “कुठे जायचंय?”, आपण सांगतो, पलीकडून “बरं बरं” येतं आणि मिनिटभरात राइड कॅन्सल. तोवर नंतरच्या मेट्रोने आलेले लोकही येऊन त्याच रांगेशी बोलायला लागलेले असतात.

२०२२ पासूनच्या दराने बघा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. म्हणजे आठ किलोमीटरचे मीटरने साधारण १३५. सगळं शहर ओलांडायला ३० रुपये आणि शेवटच्या तुकड्याला, तोही मीटरने नेणारा सापडला तर, त्याच्या चौपटीहून जास्त. रिक्षावाल्यांना मी सरसकट दोष देत नाही. रात्री तिकडून रिकामं परत यायचं म्हणजे त्यांचाही तोटाच. बस आहे, नाही असं नाही, पण खराडी बायपासच्या आणि वाघेश्वर चौकाच्या कोंडीत ती आपल्यासारखीच अडकते. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये बीआरटी आली, २०२३ मध्ये ती काढूनही टाकली. बससाठी वेगळी वाट म्हणावी अशी त्या रस्त्यावर मग उरली नाही.

बायको डेक्कनला एका लॅबमध्ये आहे, तिची दुपारची शिफ्ट रात्री संपते. मी आधी सुटलो की रामवाडीला थांबायचो, म्हणजे दोघांत एक रिक्षा पुरेल. त्या जिन्याखाली उभं राहून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नानंतर एरवी कशावरूनही झाली नसतील. मोजून काही ठेवलं नव्हतं, पण महिन्याच्या शेवटी रिक्षाचा खर्च पुढे बसणाऱ्या कर्जाच्या हप्त्याशी स्पर्धा करतोय हे कळायला मोजावं लागत नाही. घर स्वस्त मिळालं म्हणून जो आनंद होता तो या आठ किलोमीटरने हळूहळू खाल्ला.

दुचाकी घ्या, असं सगळे सांगतात. आहे आमच्याकडे. पण नगर रस्त्यावर रात्री डंपरच्या मधून रोज चालवायला बायको तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो.

“मेट्रो येणारच आहे की पुढे,” हे वाक्य तुम्हाला साइटवरचा सेल्समन नक्की ऐकवेल. ते खोटं नाही. रामवाडी ते वाघोली आणि वनाज ते चांदणी चौक या विस्तारांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. पण पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१६ मध्ये. पहिली गाडी धावली मार्च २०२२ मध्ये, आणि भुयारी मार्गाने स्वारगेट गाठलं सप्टेंबर २०२४ अखेर. मंजूर मेट्रो आणि चालू मेट्रो यांत मधे एका मुलाची बालवाडी ते पाचवी होते. थांबायची तयारी असेल तर वाघोलीचं घर पुढे सोन्याच्या भावाचं होईलही. आम्हाला थांबायचं नव्हतं.

यात कुणाची चूक म्हणण्यापेक्षा एक गंमत सांगतो. १ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगरच्या पोलीस मैदानावर एकाच कार्यक्रमात पंतप्रधान आवास योजनेच्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या आणि मेट्रोच्या पुढच्या टप्प्यांना हिरवा झेंडाही दाखवला गेला. पुणे महापालिकेची त्या योजनेतली घरं हडपसर, खराडी, वडगाव बुद्रुक इथे. त्या दिवशी सुरू झालेल्या गाड्या गरवारे कॉलेज ते रूबी हॉल आणि फुगेवाडी ते सिव्हिल कोर्ट. मांडव एक, पण घरं एकीकडे आणि स्टेशनं दुसरीकडे. खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला मार्गाला मंजुरी मिळाली ती २०२५ सरता सरता. घरासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, तो पैसा डोळ्यांना दिसतो. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता कुणाच्याच खात्यात येत नाही.

आता कसबा. इथे घर म्हणून कौतुक करण्यासारखं कमीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे रोज काहीतरी बोलतात. न्हाणीघराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. पार्किंग म्हणजे पी-१, पी-२ ची (रस्त्याच्या कुठल्या बाजूला आज गाडी लावता येते त्याची) तारीख बघायची आणि नशीब आजमावायचं. गणपतीच्या महिनाभर आधीपासून ढोलाचा सराव, आणि उत्सवाचे दहा दिवस म्हणजे घरातून बाहेर पडायचं की नाही हे आपण नाही, गर्दी ठरवते. माझ्या मेव्हण्याला हे सगळं असह्य वाटतं. मला अर्धं आवडतं, अर्धं सोसतो.

पण घरातून निघून कसबा पेठ स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे. मला शिवाजीनगर दुसरं स्टेशन. गंमत अशी की मेट्रो जवळ आहे म्हणून घर घेतलं आणि बायको मेट्रोने जातच नाही. डेक्कनला जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. भुयारी स्टेशन ३३ मीटर खोल, तिथून सरकत्या जिन्यांनी वर येऊन उन्नत मार्गाची गाडी धरायची. तेवढ्यात आपण अर्ध्या वाटेवर चालत पोचतो, असं ती म्हणते, आणि चालतच जाते. रात्री येतानाही बहुतेकदा चालत, कारण लक्ष्मी रस्त्याला तेव्हाही माणसं असतात. मंडई, तुळशीबाग, दवाखाना, आईची बँक, सगळं पायी. पेठेतली शाश्वत वाहतूक म्हणजे आपले पाय, असं मी म्हणेन. मात्र त्यांच्यासाठी पालिका काय करते ते विचारू नका. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता मोकळा करतात. त्या एका दिवशी तिथून चालताना आपणच आपल्याला पाहुणे वाटतो. बाकी वर्षभर पदपथावर स्कूटर, पाट्या आणि कुंड्या.

पैशांचं म्हणाल तर कसब्याचं घर चौरस फुटाला महाग आणि एकूण लहान. मुद्रांक शुल्क ७ टक्के, त्यात १ टक्का मेट्रो अधिभार. घर बायकोच्या नावावर घेतलं तर ६. हा मेट्रोचा टक्का वाघोलीत खुल्या बाजारातलं घर घेणाराही भरतो, स्टेशन त्याच्यापासून आठ किलोमीटर लांब असलं तरी. आपण भरतोच आहोत तर वापरता येईल अशा ठिकाणी भरावा, एवढा साधा विचार माझ्या मनात होता. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातली व्याजाची सवलत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं. पेठेत ३५ लाखांत बसणारं घर शोधायचं म्हणजे चपला झिजवाव्या लागतात. देशात कुठेही पक्कं घर नावावर नको ही अट लक्षात ठेवा. गावाकडच्या घरात नाव असेल तर आधी ते तपासा.

कुणी कुठे जावं? नोकरी खराडीच्या आयटी पार्कात असेल, घरात म्हातारं माणूस जिना चढू शकत नसेल किंवा लहान मुलांना खेळायला आवार हवं असेल, तर सोडतीतलं घर सोडू नका. इतक्या कमी किमतीत नवं घर पुन्हा मिळेलच असं नाही. दोघांपैकी एकाची जरी कामाची वेळ रात्री संपत असेल आणि काम शिवाजीनगर-डेक्कनच्या बाजूला असेल, तर मी पेठेकडे झुकेन. देकार पत्राची मुदत संपायच्या आत एकदा कामाच्या दिवशी, रात्री नऊनंतर, रामवाडीला उतरून घरापर्यंत जाऊन बघा. रविवारी दुपारी गाडीतून साइट बघायला गेलात तर काही कळत नाही.

आणि पेठेतलं ठरवलंत तर टोकन देण्याआधी वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढून घ्या. प्रॉपर्टी कार्डावर नावं कुणाची आहेत ते स्वतः वाचा. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मूळ मालकाच्या चार पिढ्या अजून कार्डावर बसलेल्या असतात. सोसायटी आहे की अपार्टमेंट, आणि अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा दस्त) नोंदलेलं आहे का, हे बँक विचारणारच. इमारत फार जुनी असेल तर कर्जाची मुदतही कमी करते. “लवकरच रीडेव्हलपमेंट होणार” या आश्वासनावर जादा पैसे मोजू नका. शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. कसब्याच्या बऱ्याच गल्ल्या या पट्ट्यात येतात. आमची येते. ते कळल्यावर घर विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीतून बऱ्यापैकी रक्कम खाली आली.