परीक्षण वाचून जावं की मित्रांना विचारून?

तलावपाळीच्या कट्ट्यावर मैत्रिणीनं विचारलं, शनिवारच्या सिनेमासाठी समीक्षकाचं ऐकू की आपल्या ग्रुपचं?

वेळेत समीक्षक पुढे. परीक्षण शुक्रवारीच येतं, मित्रांचं मत यायला रविवार उजाडतो. पण चौघांची तिकिटं, रिक्षा, पॉपकॉर्न एवढा खर्च असेल तर मला मित्रच भरवशाचे वाटतात. कुणाला काय आवडतं हे वर्षानुवर्षं माहीत असतं.

ओळखीचे चेहरे नसलेल्या सिनेमाचं काय? ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे लागला. असे सिनेमे ग्रुपमध्ये बहुधा कुणी पाहिलेलेच नसतात. तिथे समीक्षकच वाट दाखवतो. स्टार किती दिले ते मी बघत नाही, कारणं वाचते.

सहकुटुंब जायचं तर मित्रांना विचार. एकटीनं काही नवं बघायचं असेल तर परीक्षण वाच.